मावळ, नेर आणि पांढरी : पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यांतील वस्तीचा विचार

कार्ले येथील चैत्यगृहाच्या एका सातवाहनकालीन आज्ञालेखात मामाल येथील अमात्यास उद्देशून करजिक नावाच्या गावासंबंधी हुकूम दिलेला आहे. हे गाव वलूरक लेण्यांतील भिक्षुसंघाच्या निर्वाहाकरिता होते आणि ते 'मामालाहारा'त, म्हणजे मामाल नावाच्या प्रशासकीय विभागात, मोडत होते. नहपानाचा जावई उषवदात याने हेच गाव त्याच संघास दिल्याचा लेखही तेथेच आहे. राज्ये बदलली, दान मात्र त्याच गावाचे राहिले. आणि विभागाचे नाव तर सुमारे दोन हजार वर्षांनंतरही पुसले गेलेले नाही. मामाल म्हणजेच आजचे मावळ होय.

हे समीकरण केवळ ध्वनिसाम्यावर उभे नाही. मराठीत दोन स्वरांमधील 'म'चा 'व' होतो : ग्राम-गाव, नाम-नाव. त्याच स्थितीतील 'ल'चा 'ळ' होतो. हे दोन्ही बदल एकाच शब्दात पाहावयाचे असल्यास आमलक-आवळा ही जोडी पुरेशी आहे. मामालमधील पहिला 'म' शब्दारंभी असल्यामुळे टिकला, दुसरा बदलला. सूर्य मावळतो त्या दिशेचा मुलूख तो मावळ, ही व्युत्पत्ती ऐकावयास गोड आहे आणि पुण्याहून पाहणाऱ्यास ती पटतेही. परंतु ती धरून ठेवावयाची तर 'मावळणे' या क्रियापदातही त्या काळी 'म'च होता हे आधी दाखवावे लागेल. लोकव्युत्पत्तीला असा पुरावा मागितला की ती बहुधा गप्प बसते.

नाव इतके चिवट का राहिले, याचे उत्तर भूमीच्या रचनेत आहे. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेस डोंगरांच्या सोंडा उतरतात आणि दोन सोंडांच्या बेचक्यातून एकेक नदी वाहते. पवनेचे ते पवन मावळ, आंद्रेचे ते आंदर मावळ. इंद्रायणी ओलांडून उत्तरेस गेले की परिभाषा बदलते : भामेचे खोरे भामनेर, भीमेचे भीमनेर, घोडेचे घोडनेर, मीनेचे मीननेर. 'नेर' हा अवयव सामान्यतः 'नगर' शब्दापासून आला असे मानतात आणि जुन्नर, सिन्नर यांसारख्या गावांच्या बाबतीत ते सयुक्तिकही आहे. परंतु भामनेर हे कोणा एका नगराचे नाव नव्हे, संपूर्ण खोऱ्याचे आहे. अर्थाचा हा विस्तार लक्षात घेण्याजोगा आहे. चाकण या दोन परिभाषांच्या सीमेवर, इंद्रायणी आणि भामा यांच्या मधल्या सपाटीवर वसलेले आहे. त्याच्या इतिहासाची दिशा या स्थानाने बरीचशी ठरविली.

डोंगरांनी खोऱ्याखोऱ्यांत विभागलेला देश म्हटला की अभ्यासकास प्राचीन ग्रीसचे स्मरण होणे साहजिक आहे. कार्ल्याच्याच स्तंभांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. ते वंशाने ग्रीक होते की नावाने, याविषयी मतभेद आहेत. तुलना करावयाची ती मात्र वंशाची नव्हे, भूमीची. अॅटिकाची माती हलकी असल्यामुळे तेथे बाहेरच्यांची झुंबड उडाली नाही आणि तेच लोक पिढ्यानपिढ्या टिकून राहिले, असे थ्यूसिडिडीसने म्हटले आहे. मावळासही हे काही अंशी लागू पडते. भातखाचरांच्या चिंचोळ्या पट्ट्यांसाठी मोठी सैन्ये सहसा येत नसत, आली तर घाटवाटांसाठी येत. पण साम्य येथे संपते. ग्रीक खोरे समुद्राकडे उघडत असे. त्याला स्वतःचे बंदर, बाजार आणि म्हणून स्वतःचे राज्य असू शकत होते. मावळाची खोरी पूर्वेस, देशाकडे उघडतात. त्यामुळे येथे स्वतंत्र नगरराज्ये निर्माण न होता देशमुखी वतने निर्माण झाली : रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, मोसे खोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात शिळीमकर. देशमुख आपल्या खोऱ्यात जवळजवळ राजा असे, परंतु खोऱ्याच्या तोंडाशी कोणती तरी मोठी सत्ता उभीच असे. या घराण्यांना एकत्र आणणे हे शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या राजकारणातील सर्वांत अवघड काम का होते, हे नकाशा पुढे ठेवल्याशिवाय नीट समजत नाही.

दैनंदिन जीवनावर सर्वांत मोठा अधिकार पावसाचा. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुण्याच्या बाजूस सातशेच्या आसपास. अंतर पाहिले तर बैलगाडीच्या दोन-तीन मजलांचे. एवढ्या अंतरात भाताची जागा बाजरी-ज्वारी घेते आणि उतरत्या छपराची घरे मागे पडून धाब्याची घरे दिसू लागतात. पिंपरी, चिंचवड, मोशी, चिखली, भोसरी ही गावे या संक्रमणाच्या पट्ट्यात येतात. नदीपासून फार दूर नाही, पण पुराच्या पाण्यापासून उंच, अशा पांढऱ्या मातीवर घरे आणि भोवताली काळी. म्हणूनच जुन्या व्यवहारात वस्तीला 'पांढरी' आणि शेतीला 'काळी' म्हणत. गावांची नावे पाहिली तर झाडे आणि पाणी हीच वस्तीची मुख्य खूण असल्याचे दिसते : चिंचवड, पिंपरी, जांभे, आंबेठाण, तळेगाव, तळवडे. चाकणभोवतीच्या नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या नावांचा प्रकार वेगळा आहे. ती झाडावरून नव्हे, आडनावावरून पडलेली आहेत. अशी नावे मूळ पांढरीपासून फुटून शेताजवळ राहावयास गेलेल्या कुळांची असतात, आणि नाणेकर हे आडनाव तर नाणे या गावाकडे बोट दाखविते. वरच्या खोऱ्यातून सपाटीकडे झालेल्या स्थलांतराची ही नोंद कोणत्याही दप्तराहून जुनी असू शकते.

डोंगर आणि नदीकाठ यांचे धार्मिक जीवनातील वाटपही येथे स्पष्ट दिसते. चिंचवडास पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी, आळंदीस इंद्रायणीच्या काठी ज्ञानेश्वरांची, देहू त्याच नदीवर. तुकोबांचा संसार आणि दुकान नदीकाठच्या गावात होते. एकांतासाठी ते भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांवर जात. इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले, हेही या पट्ट्याच्या पर्जन्यमानाशी निगडित आहे. वरच्या मावळातील भात एखाद्या अपुऱ्या पावसातही तग धरतो. देहूच्या शिवारास ती सवलत नाही.

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. सह्याद्रीत डोंगरी किल्ल्यांची वाण नसता सपाटीवर कोट बांधण्याचे कारण एकच, जुन्नरकडून पुण्याकडे येणारी वाट. इ. स. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्तेखानाने या कोटास वेढा दिला. खंदक भोवती, पाऊस वरून. फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे छप्पन्न दिवस कोट लढविला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यानंतरच तो पडला.

सपाटी, वाट आणि पाणी या तीनच गोष्टींनी पुढे कारखानेही आणले. इ. स. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून तो मुंबईशी जोडला गेला. इ. स. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. एकविसाव्या शतकात मोटारींचे कारखाने चाकणच्या त्याच सपाटीवर उभे राहिले. बाजरीच्या कोरडवाहू पट्ट्यात लक्षावधींची वस्ती झाली आणि तिची तहान वरच्या खोऱ्यावर अवलंबून राहिली.

पवना धरणाचे पाणी नदीच्या पात्रातून न सोडता बंद जलवाहिनीने शहरास न्यावयाचे ठरले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. नदी वाहती राहिली तर काठच्या गावांस पाणी उचलता येते. नळ वाहू लागला तर येत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर झालेल्या पोलिस गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि काम थांबले. त्या दिवशी रस्त्यावर आलेल्यांचा दावा एका विशिष्ट खोऱ्याच्या नदीवरचा होता, आणि तो मांडताना त्यांनी स्वतःची ओळख सांगितली ती गावाची नव्हे, तालुक्याच्या कागदावरचीही नव्हे, तर मावळची.