देवाला काळजी

आमच्या मिरजोळ्यात शिमग्याला पालखी दारात आली की गाऱ्हाणं घालतात. कोणाची नोकरी, कोणाचं लग्न, कोणाची कोर्टात अडकलेली जमीन. एकजण देवाला सांगतो आणि अंगणातले बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. लेक चार वर्षांचा होता तेव्हा आमचं गाऱ्हाणं होतं, पोराला वाचा फुटू दे. तो तेव्हा ढोलाला घाबरून आतल्या खोलीत कान दाबून बसलेला.

आता तो सोळा वर्षांचा आहे. थोडंफार बोलतो. ऑटिझम काही गेलेला नाही आणि जाणार नाही हे आम्हालाही एव्हाना कळलंय. सासूबाई एकच म्हणायच्या, "देवाला काळजी." मला आधी फार राग यायचा. म्हणायला काय जातं! पण मग एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. आपल्या आधीच्या पिढ्यांतही अशी मुलं जन्मली असणारच. त्यांना देवावर सोडलं, म्हणजे नेमकं कोणावर सोडलं?

वाचता वाचता पहिल्यांदा पोचले ते विदर्भातल्या रिद्धपूरला. हो, तेच, जिथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहायचे. महानुभावांच्या पाच कृष्णांपैकी एक, चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी लोकांकडून गोळा करून लिहून ठेवल्या. त्या वाचताना मी अनेकदा थांबले. आईवडील लहानपणीच गेलेले, नातेवाइकांनी वाढवलेलं. मोठेपणी गावभर हिंडायचे, मनाला येईल त्या घरात शिरायचे, कोणाच्याही हातचं खायचे, मुलांत खेळायचे, मध्येच हसायचे, मध्येच रागवायचे. गावातले लोक त्यांना सरळ वेडे म्हणायचे. आणि तेच लोक अडचणीत त्यांच्याकडे धावायचे.

लगेच सांगते, त्यांना ऑटिझम होता असं मी म्हणत नाहीये. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान करणं हा खरा वेडेपणा, आणि भक्तांसाठी तर ते अवतारच आहेत. मला हलवून गेलं ते गाव. वेडा म्हणत म्हणत गावाने त्या माणसाला आपल्यात ठेवून घेतलं. जेवू घालणारी, मागे मागे फिरून जपणारी माणसं होती. त्या पानांत देव सांभाळतो ते माणसांच्या हातांनीच.

आता एकदम जवळ येऊ, आपल्या रत्नागिरीत. इथे १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, कोकणातल्या सगळ्यांना माहीत असलेलं. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यात 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच जन्मतः मंदबुद्धी असलेला माणूसही कोंबलेला होता. १९८७ मध्ये नवा कायदा झाला तेव्हा कुठे ती व्याख्या पुसली गेली. म्हणजे माझी आजी तरुण असताना आमच्या लेकासारख्या मुलासाठी सरकारदरबारी वेगळा शब्दच नव्हता. १८८१ ते १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी मोजले जायचे. आमचा कुठल्या रकान्यात गेला असता कोण जाणे. गंमत म्हणजे २०११ च्या जनगणनेतही ऑटिझमला स्वतःचा रकाना नव्हता.

पण बहुतेक मुलं कुठल्या रुग्णालयात गेलीच नसणार. ती घरात राहिली. आपल्या जुन्या घरांतून एखादा 'खुळा काका' असायचाच की नाही, आठवा. विहिरीचं पाणी शेंदायचा, पोफळींना शिंपण करायचा, गुरांमागे जायचा, दोन वेळ पानावर बसायचा. लग्न नाही, वाटणीत नाव असलं तर असलं. त्याला सुख होतं असं मी म्हणणार नाही. बोलणी खात असेल, मारही खात असेल, आणि 'मागच्या जन्मीचं पाप' म्हणून त्याच्या आईने काय काय ऐकून घेतलं असेल ते मला न सांगता कळतं. पण आई गेली तरी पान मांडलं जायचं. मग घरातले एकेक करून मुंबईला चाकरीला गेले, घरांना कुलपं लागली. देवाला काळजी हे शब्द मागे राहिले, पान मांडणारे हात गेले.

आईला दोष देण्यात साहेबही मागे नव्हता बरं का. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांवर निबंध लिहिला, तिथून ऑटिझम हे निदान सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं तिकडचे तज्ज्ञ आईच्या थंडपणामुळे हे होतं असं सांगत होते. पाप मागच्या जन्मीचं की याच जन्मीचं, एवढाच फरक!

त्या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला संस्थेत ठेवलं होतं. आईवडिलांनी वर्षभराने परत घरी आणलं. पुढे तो मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या आपल्या लहानशा गावातच राहिला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने जग फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. घरचा पैसा होता, बँकही घरच्यांच्या संबंधातली, हे विसरून चालणार नाही. पण गावाने त्याला आपला मानलं होतं हेही तितकंच खरं. मला पुन्हा रिद्धपूर आठवलं.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात आला. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही आहे. मला यातला १९९९ चा फार जवळचा वाटतो, कारण आईवडील गेल्यावर या मुलांचं काय, हा प्रश्न त्याच्या उद्दिष्टांतच लिहिलेला आहे. रात्री तीन वाजता आम्ही छताकडे बघत जे बोलतो ते संसदेने छापलं! मूल अठरा वर्षांचं झालं की जिल्ह्याच्या समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. समितीत जिल्हाधिकारी, संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः अपंग असलेली एक व्यक्ती. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दर वर्षी हिशेब द्यायचा. खुळ्या काकाचा हिशेब कोणी मागितला होता?

पण पालक व्हायला तयार असलेलं माणूस कायदा कुठून आणणार? त्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं यावर आमच्या घरात दोन वर्षं बोलणं चाललंय. रत्नागिरीत आविष्कार संस्थेची शाळा आहे, मोठ्या मुलांसाठी शामराव भिडे कार्यशाळा आहे, दिवाळीला तिथल्या मुलांनी केलेल्या वस्तू आम्ही घेतो. दिवसाचं निभतं. रात्रीचं काय, आणि आमच्यानंतरच्या रात्रींचं?

या शिमग्याला पालखी आली तेव्हा लेक ओटीवर उभा होता, कानांवर हात होते पण उभा होता. काय सांगू देवाला, असं गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांनी विचारलं. वाचेचं नको, मी म्हटलं, आमच्या मागे याला सांभाळणारी माणसं मिळू देत एवढंच सांगा. काकांनी खणखणीत आवाजात सांगितलं. अंगणातून "व्हय म्हाराजा" आलं. मी डोळे मिटले नाहीत. म्हणणाऱ्यांचे चेहरे बघत होते. पुतण्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मेमध्ये तो सुट्टीला येईल तेव्हा अर्ज त्याच्यासमोर ठेवणार आहे.