टाकीतला तिसरा गडी

कांदिवलीतल्या एखाद्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे, अशी कल्पना करू. आत खडक, दोन-चार रंगीत मासे आणि कोपऱ्यात काळ्या काट्यांचा एक गोळा. हा सी-अर्चिन, कंटकचर्मी संघातला, तारामाशाचा भाऊबंद. दिवसा तो हलताना क्वचितच दिसतो. रात्री मात्र खडक खरवडत फिरतो आणि त्याच्या वाटेवरचे शेवाळ नाहीसे होते. या कामाचे मोल माणसाला कसे कळत गेले, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

सुरुवात गोड्या पाण्यापासून झाली. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली एका काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती ऑक्सिजन देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील, म्हणजे हिशेब जुळला! पण तो जुळेना. पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले, पाणी निवळले आणि गोगलगाईंची अंडी माशांना खाद्य झाली. १८५० साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पती आणि प्राणी या जोडीला सफाई करणारा तिसरा गडी लागतो, हा त्याचा धडा.

समुद्री जीव सांभाळणे याहून अवघड. ॲना थिन या बाईंनी १८४६ साली समुद्रकाठचे प्रवाळ लंडनला आणून जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहावे लागे. पुढे फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती दिली. आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली चर्नी रोडला समुद्रालगत सुरू झाले. उपनगरांतल्या शाळांच्या कित्येक सहली लोकलने तेथे गेल्या.

घरच्या टाकीत प्रवाळखडकाचे छोटे जग टिकवण्याचा मार्ग इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली मांडला. त्यांनी समुद्रातला 'जिवंत' खडकच टाकीत ठेवला. त्याच्या छिद्रांतले जीवाणू माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचे नायट्रेट करतात. पण नायट्रेट म्हणजे शेवाळाला खतच! म्हणून पुन्हा तिसरा गडी हवा. सी-अर्चिनच्या तोंडात पाच दातांचे यंत्र असते. त्याचे वर्णन ॲरिस्टॉटलने केले म्हणून त्याला 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात.

हा गडी नसला तर काय होते, हे १९८३ साली समुद्रानेच दाखवले. पनामाजवळ लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन रोगाने मरू लागले. सुमारे वर्षभरात रोग कॅरिबियन समुद्रभर पसरला आणि नव्वद टक्क्यांहून अधिक प्राणी मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच घटले होते, १९८० च्या वादळाने प्रवाळ मोडले होते. आता खरवडणारे कोणी उरले नाही. पूर्वी निम्म्याहून अधिक खडक जिवंत प्रवाळांनी झाकलेला असे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आले. वॉरिंग्टनच्या पात्रातला धडाच समुद्राने मोठ्या अक्षरांत गिरवला.

आता पुन्हा कांदिवलीकडे येऊ. चारकोपच्या पलीकडे खाडी आहे, पण तिचे गढूळ पाणी टाकीला चालत नाही. शंभर लिटर पाण्यात सुमारे साडेतीन किलो क्षार विरघळवावे लागतात. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. सी-अर्चिनला शरीरातला खारेपणा सावरता येत नाही. चूक झाली की काटे गळतात आणि तो मरतो. शिवाय प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. ते समुद्रातून काढणे वा विकणे गुन्हा आहे. मुंबईच्या सागरी रस्त्यासाठी २०२० साली वरळी व हाजीअलीचे प्रवाळही परवानगी घेऊनच हलवावे लागले.

म्हणून शाळेसाठी आम्ही वॉरिंग्टनचाच प्रयोग सुचवू. दोन बरण्या घ्या. दोन्हींत तळ्याचे पाणी व पाणवनस्पती घाला आणि त्या उजेडात ठेवा. एकीत चार गोगलगाई सोडा. महिनाभर विद्यार्थ्यांना दोन्हींच्या काचांची रोज नोंद करू द्या.