केसपेपरवर काय लिहिले आहे, हे का पाहावे?

समजा, सायखेड्यातला एक शेतकरी द्राक्षबागेत फवारणी करताना चक्कर येऊन पडला. घरचे त्याला दवाखान्यात आणतात. गडबडीत केसपेपरवर एवढेच लिहिले जाते: 'विषबाधा'. विष कोणते, अंगात कसे गेले, अपघाताने की अन्य कारणाने, याची नोंदच होत नाही. रुग्ण बरा होऊन घरी जातो किंवा दगावतो, पण कागद तसाच राहतो.

नोंदीवरून कोड ठरतो

मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतील कोड दिला जातो. कीटकनाशकाने अपघाती विषबाधा झाली असेल तर एक्स ४८, स्वतः घेतले असेल तर एक्स ६८ आणि कारण स्पष्ट नसेल तर वाय १८. कोड देणारी व्यक्ती रुग्णाला पाहत नाही, ती फक्त कागद वाचते. म्हणून कागद अपुरा असेल तर कोडही अपुरा राहतो.

याचा परिणाम तुमच्यावर काय होतो?

उपचारांवर: ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेत ॲट्रोपिन देतात, पण प्रत्येक कीटकनाशकावर ते चालत नाही. औषधाचे नाव कळले तर योग्य उपचार लवकर सुरू होतात.

मदतीवर: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा यांचाही त्यात समावेश आहे. आत्महत्या मात्र योजनेत बसत नाही. त्यामुळे वैद्यकीय कागदांतली 'फवारणी करताना' ही नोंद फार महत्त्वाची ठरते.

दाखल करताना काय सांगाल?

• औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत आणा. हातमोजे घालून पिशवीत ठेवा.
• किती वाजता, कुठे आणि कसे झाले ते सांगा.
• आधीचे आजार, चालू गोळ्या आणि ॲलर्जी सांगा.
• खरे तेच सांगा. रुग्णाने स्वतः विष घेतले असेल तरी लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरतात व सहसा तिच्यावर खटला चालत नाही. विषबाधेची माहिती पोलिसांना कळवणे हा नेहमीच्या प्रक्रियेचा भाग आहे, त्याला घाबरू नका.

घरी जाताना काय तपासाल?

डिस्चार्ज कार्डावर नाव, वय, तारखा, निदान, घटना कशी झाली, दिलेले उपचार आणि पुन्हा कधी यायचे, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर डॉक्टरांकडून वाचून घ्या. चूक आढळली तर त्याच डॉक्टरांना दुरुस्ती करायला सांगा. योग्य पद्धत अशी: चुकीच्या शब्दावर एकच रेघ, शेजारी बरोबर मजकूर, सही आणि तारीख. खाडाखोड नको. घडले नाही ते लिहून मागू नका, डॉक्टरांना तसे लिहिता येत नाही.

कागद हा तुमचा हक्क आहे

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवाव्या लागतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. सगळे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

विषबाधेची शंका आली तर कागदांची वाट पाहू नका. आधी १०८ वर फोन करा.