दोस्ताच्या गोटातला आपला माणूस

मित्रफौजेबरोबर मोहिमेवर निघालेल्या शिपायाची कुरकुर पिढ्यान् पिढ्या तीच: त्यांचं वेळापत्रक आपल्याशी जुळत नाही आणि ते नेमके कुठे आहेत याचा पत्ता लागत नाही. लष्करातला संपर्क अधिकारी या कुरकुरीतूनच घडत गेला.

१७९० साली टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एक झाले. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला. सोबत कॅप्टन लिटलची मुंबईहून आलेली तुकडी होती. तिच्यातला लेफ्टनंट एडवर्ड मूर वैतागून लिहितो, की मराठा गोलंदाज तोफ ठासून झाली की गप्पा मारत, धूम्रपान करत बसतात आणि मग सवडीने बार उडवतात. दुपारी जेवणाच्या वेळी तर दोन्ही बाजूंच्या तोफा थंडावतात. सप्टेंबरात लागलेला वेढा एप्रिलपर्यंत रेंगाळला.

पुणे दरबारात इंग्रजांचा वकील मॅलेट होता. पण वकील तहाची बोलणी करणार. फौजेची रोजची खबर हरकाऱ्यांच्याच भरवशावर, आणि टिपूचे स्वार त्यांना वाटेत गाठत. मे १७९१मध्ये श्रीरंगपट्टणजवळ इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचं दाणापाणी संपलं, बैल मेले. अवजड तोफा निकामी करून तो माघारी फिरला. वाटेत घोडदळ दिसलं. शत्रू समजून इंग्रज लढाईला सज्ज झाले, तर ते निघाले मराठे! दोस्त हाकेच्या अंतरावर आल्याची खबरच नव्हती. मग उपाशी इंग्रजांनी मराठ्यांच्या बाजारातून चढ्या भावाने धान्य घेतलं.

पुढे दोस्तांची खबर पोचवण्याचं काम खास अधिकाऱ्याकडे आलं. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१४मध्ये, लेफ्टनंट एडवर्ड स्पिअर्स फ्रेंचांच्या पाचव्या सैन्यात ब्रिटिशांचा माणूस म्हणून होता. फ्रेंच मागे हटताहेत ही खबर २३ तारखेच्या रात्री त्याने ब्रिटिश सेनापतीला मोटारीने जाऊन दिली. ब्रिटिशांनीही मोन्सहून माघार घेतली, म्हणून ते जर्मनांच्या वेढ्यात सापडले नाहीत. तरी दोन्ही फौजांचा मेळ घालण्याचं काम फ्रेंच सेनानी फॉशकडे सोपवायला मार्च १९१८ उजाडला.

१९४९नंतर नाटोने काडतुसापासून इंधनापर्यंत बरंच काही करारांनी एकसारखं केलं. तरी अफगाणिस्तानात काही देशांच्या तुकड्या नेमून दिलेल्या भागाबाहेर सहसा लढायला जात नसत. अशा अटी त्या त्या राजधानीत ठरतात. त्या बदलणं संपर्क अधिकाऱ्याच्या हाती नसतं. मोहीम आखण्याआधी त्या अटी सेनापतीच्या कानावर घालणं मात्र असतं.