सतारीची परीक्षा

एप्रिल महिन्यातील एका दुपारी, एका जिल्ह्याच्या गावी, आम्ही नऊ परीक्षार्थी शाळेच्या व्हरांड्यात सतारी मांडीवर घेऊन बसलो होतो. उन्हाने लाकूड सुकले की खुंट्या सैल होतात आणि लावलेली तार नकळत उतरते. आमचे गुरुजी खडूचा तुकडा हाती घेऊन एकेका सतारीपाशी बसत, खुंटीला खडू लावून ती पिळत, तरफेच्या तारा एकामागून एक छेडून पाहत आणि ‘हं, जा आत’ असे म्हणून पुढच्या सतारीकडे वळत. आत मला बागेश्री वाजवावयास सांगण्यात आले. मग रागाचा ठाट विचारला गेला. ‘काफी,’ मी म्हणालो. निकालात प्रथम श्रेणी मिळाली. त्या परीक्षेत उत्तीर्ण कोण झाले, मी की गुरुजी, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही.

परीक्षकांनी विचारलेला ‘ठाट’ हा शब्द मुळात सतारियांचा आहे. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात आणि ते वर-खाली सरकविता येतात. राग बदलला की कोमल-तीव्र स्वरांप्रमाणे काही पडदे हलवावे लागत. पडद्यांच्या त्या मांडणीस वादक ठाट म्हणत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांचे वर्गीकरण दहा ठाटांत केले तेव्हा वादकांच्या बैठकीतला हा शब्द शास्त्राच्या पोथीत जाऊन बसला. पेशाने वकील असलेल्या या पंडितांनी तरुणपणी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेतले होते, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. तथापि त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग उघडून पाहावेत, त्यांत भरलेल्या आहेत त्या गाण्याच्या चिजा. माझ्या मते आपल्या संगीतपरीक्षांच्या इतिहासातील गंमत हीच आहे. परीक्षेची भाषा सतारीच्या दांडीवरून आली आणि परीक्षा मात्र रचली गेली गायकांसाठी. तंतुवाद्य मागाहून आले आणि पाहुण्यासारखे ओटीवर बसले.

शिक्षण पूर्वीही होतेच, श्रेणी नव्हती. उस्तादाच्या घरी राहून, त्याची चिलीम भरून, वर्षानुवर्षे एकच पलटा घासावयाचा, आणि उस्तादाची मर्जी होईल तेव्हा पुढची गत मिळावयाची. एखादी मोलाची गत जावयाला हुंड्यात दिल्याच्या कथा आपण ऐकतो. त्या खऱ्या असोत वा नसोत, गत ही मालमत्ता होती एवढे त्यांतून कळते. ही मालमत्ता छापून सर्वांच्या हाती देण्याचा उद्योग प्रथम बंगालमध्ये जोराने सुरू झाला. शौरीन्द्रमोहन ठाकूर यांनी १८७१ मध्ये कलकत्त्यास संगीतविद्यालय काढले आणि पुढच्याच वर्षी ‘यंत्रक्षेत्रदीपिका’ हा सतारीवरील बंगाली ग्रंथ प्रसिद्ध केला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली.

परंतु परीक्षेला आज जे रूप आहे ते मुख्यतः पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या कर्तृत्वाचे फळ आहे. कुरुंदवाडचा हा मुलगा फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाल्यामुळे शाळेला मुकला आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकला. त्याने ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. वर्ग, वेळापत्रक, हजेरी, नेमलेले पुस्तक, परीक्षा, प्रमाणपत्र ही सारी हत्यारे इंग्रजी शाळेची. ज्या शाळेला तो पारखा झाला तिचीच व्यवस्था त्याने गाण्याला लावली. (सरकारी नोकर असल्याने हजेरीपटाविषयी मला स्वाभाविक ममत्व वाटते, हे कबूल केलेले बरे.) १९०८ मध्ये मुंबईस विद्यालय निघाले, कर्जापायी १९२४ मध्ये त्याच्या इमारतीचा लिलाव झाला. १९३१ मध्ये पंडितजी मिरजेस वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारापर्यंतची मंडळाची शिडी आज महाराष्ट्रातील लहान गावांतल्या घराघरांत ठाऊक आहे. उत्तरेत लखनौचे मॅरिस कॉलेज आणि अलाहाबादेची प्रयाग संगीत समिती या दोन्ही संस्था १९२६ च्या.

आता सतार या चौकटीत बसली कशी? तिला वाचविले मसीतखानी गतीने. अठराव्या शतकात दिल्लीस होऊन गेलेल्या मसीतखाँ यांच्या नावाने ती ओळखली जाते. तर्जनीतील नखीने तार आपल्याकडे ओढली की ‘दा’, बाहेर लोटली की ‘रा’, दोन्ही झटपट घेतले की ‘दिर’. ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ हे आठ मात्रांचे बोल दोनदा घ्यावयाचे म्हणजे त्रितालाच्या सोळा मात्रा भरतात. आरंभ बाराव्या मात्रेवर. पाच मात्रा समेच्या अलीकडे आणि सहाव्या ‘दा’वर सम. एकदा हा साचा हाती बसला की यमनाचे स्वर घाला वा मालकंसाचे, गत उभी राहते. परीक्षेला याहून सोयीची वस्तू कोणती? ती लिहिता येते, मोजता येते, शंभर केंद्रांवर सारखीच ऐकता येते. द्रुत लयीसाठी रजाखानी गत आहेच. मात्र जी गोष्ट मसीतखानीमुळे सोपी झाली तीच मींडेमुळे अवघड राहिली. पडद्यावर बोट दाबून तार आडवी खेचली म्हणजे एकाच आघातात तीन-चार स्वरांचा प्रवास होतो. कागदावर त्याची खूण म्हणजे स्वरांवर काढलेली एक कमान. खेच किती सावकाश, वाटेत कोणत्या श्रुतीपाशी रेंगाळावयाचे, याविषयी कमान मौन पाळते. शिवाय लिपीही एक नाही. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराखाली बिंदू दिला की मंद्र सप्तक. पलुसकरांच्या पद्धतीत मंद्राचा बिंदू स्वराच्या वर! शास्त्राच्या लेखी परीक्षेत या एका बिंदूने अनेकांचे गुण खाल्ले असतील.

लखनौच्या कॉलेजने या अडचणीवर जो तोडगा काढला तो मला शहाणपणाचा वाटतो. वर्ग व परीक्षा ठेवावयाच्या, पण शिकवावयास वाद्य हाती असलेला खानदानी उस्ताद बसवावयाचा. सरोद शिकवावयास तेथे सखावत हुसेनखाँ होते. आचार्य श्रीकृष्ण रातंजनकरांच्या हाताखाली शिकलेले आमचे विष्णु गोविंद जोग तेथेच व्हायोलिन शिकवू लागले आणि पुढे आकाशवाणीत आले. आकाशवाणीनेही १९५२ नंतर, बाळकृष्ण केसकर मंत्री असताना, कलावंतांची ध्वनिचाचणी घेऊन श्रेणी ठरविण्यास आरंभ केला आणि त्या कामी रातंजनकरांचे साहाय्य घेतले. घराण्यांतील काही बुजुर्ग त्याने दुखावले. ज्यांचे सारे आयुष्य मैफलीत गेले त्यांनी चाचणीला का बसावे, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. आणि श्रेणीवाचून मानधन कसे ठरवावे, हा कचेरीचा प्रश्नही गैर नव्हता.

परीक्षेला तीन महिने उरले म्हणजे आमच्या वर्गाचा रंग पालटे. एरवी गुरुजी एका गांधारावर आठवडा घालवीत. आता वही निघे. प्रत्येक रागाचा आलाप पाच ओळींत, तोडे चार, शेवटी तिहाई आणि झाला. आलाप ही त्या त्या क्षणी सुचावयाची वस्तू. आम्ही ती पाढ्यासारखी पाठ करीत असू. संध्याकाळी घरोघर हातावर झपताल चाले, ठाय, दुगुण, चौगुण. गुरुजींना हे आवडत नसे, पण त्यांनी कधी टाळले नाही. ‘प्रमाणपत्र असले तर घरचे लोक सतार विकून टाकत नाहीत,’ असे ते म्हणत. आमच्या वर्गात नवांपैकी सहा मुली होत्या. ‘मुलगी सतार वाजवते’ असे म्हणण्यास जी घरे बिचकत तीच घरे ‘मुलगी मध्यमा झाली’ असे अभिमानाने सांगत. परीक्षेने वादक किती घडविले याविषयी मी साशंक आहे; जो वर्ग मैहरला जाऊन अल्लाउद्दीनखाँसाहेबांच्या दारी कधीच उभा राहिला नसता, त्याच्या घरात तिने सतार आणली हे मात्र मी स्वतः पाहिलेले आहे.

सतार लावणे तेवढे राहून गेले. वरच्या परीक्षांत वाद्य लावता येणे अपेक्षित असते, पण खोलीत शिरण्यापूर्वी लावलेल्या सतारीला परीक्षक पुन्हा उतरवून पाहत नाहीत. तेवढा वेळच नसतो. पुढे मी नोकरीत शिरलो, बदल्या सुरू झाल्या, गुरुजी गेले. दर बदलीला सतार गवसणीतून नव्या घरी जाई आणि कोपऱ्यात उभी राही. तार उतरली की मी ती चढवीत असे. पण तरफा बोलत नसत. भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र होते. हल्ली भ्रमणध्वनीवर सुराचा काटा दिसतो. त्या काट्याने मी सतार लावून पाहिली. प्रत्येक तार जागेवर आली आणि एकही दुसरीशी मिळाली नाही.

अखेर रजा घेऊन मिरजेस गेलो. पंढरपूरकडच्या कडू भोपळ्यांवर तेथे दीडएकशे वर्षे तंबोरे आणि सतारी घडत आल्या आहेत. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. दुकानातील वृद्ध कारागिराने माझी सतार मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि काही न बोलता गांधाराचा पडदा घोडीपासून केसभर दूर सारला. ‘चढा होता,’ ते म्हणाले. मग त्यांनी साऱ्या खुंट्या सैल केल्या. माझ्या पोटात धस्स झाले. सतार माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, ‘साहेब, आता तुम्ही लावा.’

तरफेच्या अकरा तारांपैकी चार मिळेपर्यंत दिवेलागण झाली होती.