मोटारीचें सुकाणूं व त्याचीं दुखणीं



कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना, म्हणजेच पूर्वीचें कादराबाद. १९०० सालच्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटर गेज आगगाडी येथें आली. पण पेठेपासून खेड्यांपर्यंत माल वाहिला तो बैलगाडीनेंच. या बैलगाडीला वळविण्याचें निराळें यंत्र नसतें, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. कासरा ओढला कीं बैल वळतात, जूं वळतें, आणि दोन्ही चाकें कण्यावर स्वतंत्रपणें फिरत असल्यामुळें गाडीही वळते. दोनच चाकें असल्यावर तंटा उरतो कोठें?

तंटा उत्पन्न झाला तो चार चाकांच्या वाहनांत. घोड्यांच्या बग्गीचा पुढचा सबंध कणाच मधल्या खुंटाभोंवतीं फिरे. तीव्र वळणावर चाक गाडीखालीं जाई आणि गाडी कलंडे. म्यूनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यानें तोड काढली, ती अशी कीं कणा स्थिर ठेवावा आणि त्याच्या दोन टोकांस दोन खुंट बसवून प्रत्येक चाक आपापल्या खुंटावर वळवावें. त्याच्या वतीनें १८१८ सालीं लंडनमध्यें रुडॉल्फ आकरमान यानें पेटंट घेतलें, आणि जगानें नांव लक्षांत ठेवलें तें पेटंट घेणाराचें!

मोटार निघाली तेव्हां ही युक्ति जणूं विस्मरणांत गेली होती. कार्ल बेंझची १८८६ सालच्या पेटंटाची मोटार तीन चाकांची होती, कारण पुढचीं दोन चाकें नीट वळविण्याचा प्रश्न त्याला तोंवर सुटला नव्हता. तो त्यानें १८९३ सालीं सोडविला. आरंभीच्या चालकांच्या हातीं असे तो एक दांडा, आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का त्यांतून थेट मनगटास बसे. १८९४ सालच्या पॅरिस–रूआं शर्यतींत आल्फ्रेड वाशरों यानें आपल्या गाडीस दांड्याऐवजीं गोल चाक लावलें. पुढें त्या चाकाखालीं दांत्यांची पेटी आली. हाताचे श्रम हलके झाले आणि धक्काही बोथट झाला.

परंतु या प्रत्येक सुधारणेनें आपल्यामागें एकेक दुखणें ठेवलें आहे. एका खुंटाचे दोन झाले, त्यांस जोडणारे दांडे आले, दांड्यांचे सांधे आले. आणि सांधा म्हटला कीं झीज आलीच. पेटीनें धक्का अडविला, तसा चाकांकडून येणारा इशाराही अडविला. तिसरें दुखणें १९२० नंतरच्या दशकांतलें. कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले, आणि ठराविक वेगास पुढचीं चाकें एकाएकीं थरथरूं लागलीं. दोन्ही चाकें एकाच सलग कण्यावर असलीं म्हणजे एक उसळतांच दुसऱ्यासही हिसका बसतो. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३४ सालीं आपल्या गाड्यांत पुढच्या चाकांस निरनिराळ्या स्प्रिंगा देऊन हा संबंध तोडला.

जालना हें तेव्हां निजामाच्या राज्यांतील शहर. त्या राज्याच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ बसगाड्यांनिशीं रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. काळ्या जमिनीच्या वाटा म्हणजे पावसांत चिखल आणि उन्हाळ्यांत भेगा. बैलगाडीच्या लोखंडी धावांनीं पाडलेल्या चाकोरींत मोटारीचें चाक सांपडलें कीं तें चालकाचें ऐकत नाहीं. चाकोरी नेईल तिकडे जातें, आणि त्या ओढाताणीचा सारा भार सांध्यांवर पडतो. जीप आली तीही सलग कण्याची व पुष्कळ सांध्यांची. तिची थरथर ज्यानें अनुभवली त्यास ती वर्णन करून सांगावयास नको.

स्टेअरिंग ढिलें झालें अशी तक्रार आली कीं उतावळा मिस्त्री पेटीवरील स्क्रू आवळतो. हा मला धोक्याचा उपाय वाटतो. गाडी बहुतेक सरळच चालते, म्हणून पेटींतील दांते मधोमध अधिक झिजतात. ती झीज भरून निघेल इतका स्क्रू आवळला तर पुरत्या वळणावर, जेथें दांते झिजलेले नाहींत तेथें, स्टेअरिंग अडकतें. शिवाय ढिलेपणा हातास जाणवला म्हणून तो हाताजवळच असतो असें नाहीं.

प्रथम टायरांतील हवा पाहावी. गाडी एका बाजूस ओढते याचें कारण पुष्कळदां तेवढेंच, किंवा एका चाकाचा धरून राहिलेला ब्रेक, असें असतें. मग एकानें बसून स्टेअरिंग थोडें डावीउजवीकडे हलवावें व दुसऱ्यानें खालीं पाहावें. पेटीचा दांडा हलतच नसेल तर दोष पेटींत. तो हलतो पण पुढचा हलत नाहीं, तर दोष मधल्या सांध्यांत. नंतर चाक जॅकवर उचलून वर व खालीं धरून हलवावें. हललें, तर ब्रेक दाबावयास सांगून पुन्हां हलवावें. हलणें थांबलें तर बेअरिंग ढिलें. न थांबलें तर किंगपिन झिजली. जड स्टेअरिंगाचें कारण पुष्कळदां ग्रीसावांचून कोरडी पडलेली ही किंगपिनच असते. आजच्या लहान मोटारींत किंगपिन उरली नाहीं; पण ट्रक व ट्रॅक्टर यांत ती आहे, आणि विजेच्या किंवा तेलाच्या साहाय्यानें फिरणारें स्टेअरिंग इतकें हलकें असतें कीं सांध्याची झीज हातास फार उशिरां कळते.

एक गोष्ट राहिली. जुन्या धाटणीच्या सांध्याच्या नटांतून आरपार गेलेली एक दुमडलेली खीळ असते. तिला कॉटर पिन म्हणतात. किंमत नाममात्र. सांधा उघडला कीं काढलेली पिन फेंकून नवी घालावी. जुनी सरळ करून पुन्हां घातली तर ती तुटते. नट एकदां सुटला म्हणजे चालकाच्या हातीं नुसतें चाक राहतें, आणि तें कोणीकडेही फिरविलें तरी गाडी आपल्याच वाटेनें जाते.