शर्यत कोणती मान्य झाली?

सांगली-साताऱ्याच्या मैदानावर बैलगाडी शर्यत समजायला कागद लागत नाही. चाकोऱ्या आखलेल्या असतात, झेंडा पंच उभा असतो, छकड्याला खिलार जोडी जुंपलेली असते आणि गटापासून फायनलपर्यंत दिवस सरतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या माणसाला यात नवं काहीच नाही. पण २०११ ते २०२३ या काळात मैदानावर बंदी का आली आणि ती कोणत्या अटींवर उठली, हे राजपत्रं आणि निकालपत्रंच सांगतात.

जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेत प्रदर्शनासाठी वापरायला वा शिकवायला मनाई असलेल्या प्राण्यांची यादी आहे: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह आणि बैल. गोठ्यातलं जनावर जंगली श्वापदांच्या पंगतीला बसवलं गेलं, आणि पुढचा सगळा वाद ‘बैल’ या एका शब्दावर उभा राहिला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराजा खटल्यात तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्राचंही नाव घेऊन बैलगाडी शर्यती बंद केल्या. त्या निकालाचा भर परंपरेपेक्षा बैलाच्या शरीरावर आहे. शेपटी पिरगाळणं, टोचणं, मार, भीती यांची त्यातली वर्णनं शर्यतप्रेमी माणसालाही टाळता येत नाहीत, टाळूही नयेत.

७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने शर्यतींना सूट दिली. धावपट्टी दोन किलोमीटरपेक्षा लांब नको, ही त्यातली एक अट. पाचच दिवसांत या सवलतीला स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये राज्याने प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात शर्यतींसाठी दुरुस्ती केली. मग नियम आले: जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, अंतर एक हजार मीटरच्या आत हवं, काठी-चाबूक चालणार नाही, विजेचा धक्का देणारं उपकरण चालणार नाही. म्हणजे कागदावरची धावपट्टी निम्मी झाली. तरी मुंबई उच्च न्यायालयाने मनाई कायम ठेवली.

२० ऑगस्ट २०२१ ची घटना याच काळातली. कडेगावहून पूर्वेला विटा, त्याच्या पुढे आटपाडी तालुका. तिथल्या झरे गावी आमदार गोपीचंद पडळकरांनी शर्यत जाहीर केली. प्रशासनाने संचारबंदी लावली. तरीही भल्या पहाटे जवळच दुसऱ्या जागी गाड्या पळाल्या. चार महिन्यांनी, १६ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांनुसार शर्यतींना वाट मोकळी केली. आधी घटना आणि मग आदेश, एवढ्यावरून काही जण दोन्हींचा कार्यकारणसंबंध जोडतात. मला तो पटत नाही. राज्याचं अपील आधीपासून न्यायालयात होतं.

१८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू आणि कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राची दुरुस्तीही वैध ठरवली. ‘आपली जुनी शर्यत न्यायालयाने मान्य केली’ असं यात्रांमधून सर्रास ऐकू येतं. निकाल तसं म्हणत नाही. त्याने मान्य केली ती दुरुस्ती आणि नियमांनी बांधलेली शर्यत: परवानगीची, हजार मीटरच्या आतली, बिनचाबकाची. संस्कृतीचा प्रश्न पीठाने विधिमंडळावर सोपवला. नियम काटेकोर पाळले जातात की नाही, याची जबाबदारी मात्र थेट जिल्हा दंडाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली.